लोटनआबांची वांगी आणि फौजदारांचं वर्तुळ

"गुन्हा नाही दाखल करायचा, वर्तुळ करायचं!" सहायक फौजदार प्रेमराज यांनी जाहीर केलं, तेव्हा नरडाण्याजवळच्या त्या ठाण्यात कोणालाच काही उमगलं नाही. खरं तर प्रेमराजांनाही फारसं उमगलं नव्हतं. पण चुकलेल्या पोरांना समजुतीने सुधारायचं प्रशिक्षण नुकतंच झालं होतं आणि शहाणपण उतू चाललं होतं.

प्रकरण तसं साधं. कॉलेजच्या पोरांनी भरीत पार्टीसाठी लोटनआबांची वांगी तोडली आणि वर आबांच्याच कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर भाजली. सापडला एकटा सुयश, अकरावीतला. आबा तक्रारीवर अडून बसलेले, आणि सुयशच्या आईच्या, सविताबाईंच्या, डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

"साहेब, पोराचं नाव पोलिसात गेलं तर कुठं तोंड दाखवू हो?"

"काळजी करू नका, ताई. मी आहे ना!"

सगळे गोल बसले. नियम असा, की हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचं. प्रशिक्षणात रंगीत चेंडू होता, ठाण्यात मिळाली काठी. प्रेमराजांनी ती मायेने पुढे केली, तर सुयश खुर्चीसकट मागे सरकला. आबांनी मात्र झडप घातली.

"लेकरूना मायक जपेल वांगा व्हतात! बठ्ठा लयी ग्यात!"

मग आबा लेकरासारख्या जपलेल्या वांग्यांवरून बांधावर गेले, बांधावरून भावावर, भावावरून मेहुण्यावर. अडवणार कोण? काठी त्यांच्या हातात, आणि नियम प्रेमराजांचाच.

घसा बसल्यावर आबांनी काठी सोडली आणि ती सुयशकडे आली.

"घाबरू नको, बेटा," प्रेमराज स्वतःचाच नियम मोडून म्हणाले. "वांगी कोणाकोणाच्या पोटात गेली, सगळं सांग."

"सगळं?"

"सगळं! खरं बोललं की मन हलकं होतं."

सुयशने काठी नीट धरली. "आम्ही मित्र... आणि तुम्ही, काका. गस्तीची गाडी थांबवून आलात. मिरची कमी पडली म्हणालात, तरी पुन्हा वाढून घेतलंत."

अरे देवा! भरीत झकास होतं, पण अंधारात वाढणारी पोरं कोण आणि वांगी कोणाची, हे विचारायचं फौजदारांना सुचलंच नव्हतं. त्यांचे कान तापले.

"आते गुन्हा कोनवर टाकू?" आबांनी विचारलं. "पोऱ्यावर का फौजदारवर?"

प्रेमराजांनी हात जोडले. प्रशिक्षणातलं एकही वाक्य आठवेना. "आबा, चुकलो. पोराला सोडा. आम्ही दोघं रविवारी तुमच्या वावरात राबू."

आबांनी तक्रार मागे घेतली. सविताबाईंनी पदराने डोळे पुसले.

रविवारी सुयशने दुपारपर्यंत आपल्या वाट्याची पऱ्हाटी उपटून रचली. प्रेमराज पहिल्याच सरीत कंबर धरून बसले होते. आबांनी दोघांची कामं निरखून पाहिली आणि निकाल दिला,

"पोऱ्या सुधरी ग्या. फौजदारले आजून येक आइतवार लागी."