मातीला येणारे आमदार

आमच्या तालुक्यात कुणी गेलं की आधी मारुतीआप्पांना निरोप जायचा, मग लेकींना. लेकी सासरहून यायच्या आत आप्पांची जीप दारात उभी. आप्पा आमचे आमदार. रस्ता, पूल, पाणी असल्या कामांसाठी त्यांची फारशी ख्याती नव्हती. ख्याती होती ती मातीला, म्हणजे अंत्यविधीला, न चुकता येणारे आमदार म्हणून.

"लग्नाला न्हाई गेलं तर लोकं चार दिस बोलत्यात," ते मला म्हणायचे. "मातीला न्हाई गेलं तर नातवंडांस्नी सांगून मरत्यात."

सीमाभागातल्या आमच्या खानापुरात मी त्यांच्या शेजारी राहायचो आणि लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचो. मी मोकळा दिसलो की आप्पा मला जीपमध्ये घालून न्यायचे. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला त्यांचं भाषण ठरलेलं, आणि भाषणाला लागायची माहिती. गावात उतरलं की एखाद्या शेजाऱ्याला बाजूला घ्यायचे. "कसा होता रं गडी? दोनच गोष्टी सांग, बाकीचं मी बघतो."

आणि खरंच बघायचे. एकदा एक महाभांडखोर म्हातारा गेला. त्याच्याबद्दल बरं बोलायला गावात कुणाचं तोंड उघडेना. आप्पा उठले. "ह्या माणसानं उभ्या जन्मात कुणाची मागनं निंदा केली न्हाई. शिव्या दिल्या त्या तोंडावर दिल्या!" ज्यांनी त्या खाल्ल्या होत्या, तेच आधी रडले.

एका दिवसात दोन गावं आली की मात्र इकडची माहिती तिकडे जायची. जन्मभर लग्न न केलेल्या एका गृहस्थाच्या मागं 'तीन गुणी लेकी' असल्याचं आप्पांनी भर सभेत जाहीर केलं. मी मागून शर्ट ओढला. आप्पा क्षणभर थांबले आणि कडाडले, "गावातल्या कुठल्या लेकीला ह्यांनी परकी मानली, सांगा!" कुणी सांगितलं नाही. नेमक्या तीनच का, हेही कुणी विचारलं नाही.

बंगलोरला विधानसभेत ते पाच वर्षं गप्प बसले. तोंड उघडलं ते एका शोकप्रस्तावावर, तेही मराठीत. शब्द कळले नाहीत तरी कानडी आमदारांनी डोळे पुसले म्हणे. ही बातमी आप्पांकडूनच कळलेली.

सुंदराक्का, त्यांची बायको, घरी असायच्या. आप्पा मातीहून आले की त्या अंघोळीला पाणी काढायच्या, ताट वाढायच्या, तोवर पुढचा निरोप यायचा. मग आक्का आमच्याकडे येऊन माझ्या बायकोशी बोलत बसायच्या.

ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीत आप्पा पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे, तर आप्पा बसनं एका मातीला हजर! "पुढच्या इलेक्शनची तयारी," लोक म्हणाले. मीही म्हणालो, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्याच वर्षी आक्का तापानं अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच अडवलं. "आज नगा जाऊ. जीव घाबरतोय."

"लोंढ्याच्या म्हाताऱ्याची रक्षा हाय गं. दुपारपर्यंत आलोच बघ."

आक्का गेल्याचा निरोप घेऊन मी लोंढ्याला पोचलो, तेव्हा आप्पांचं भाषण रंगात आलं होतं. खरं सांगतो, मला त्यांची कीव नाही आली. रागच आला.

आक्कांच्या रक्षेला नदीकाठी अख्खा तालुका लोटला. नवा आमदारसुद्धा आला. दुःख होतंच, पण एक उत्सुकताही होती: परक्यांसाठी सगळ्यांना रडवणारा हा माणूस स्वतःच्या बायकोबद्दल काय बोलणार?

आप्पा उठले. "आमची सुंदरा..." म्हणाले आणि थांबले. समोरच्या माणसांवरून नजर फिरवली. पुन्हा "सुंदरा" म्हणाले. शेवटी हात जोडून खाली बसले. लोकांना वाटलं, गळा दाटला. मला नाही वाटलं. गळा दाटला की आप्पा जास्तच बोलायचे.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. खुर्ची नको म्हणाले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसले.

"वैनी, ती तुमच्यापाशी बसायची न्हवं? कशी होती वो?"

माझी बायको गडबडली. मग हळूहळू सांगू लागली. आक्कांना फणसाची भाजी लई आवडायची, पण तुम्हाला चालत नाही म्हणून त्या घरी करत नसत. एकदा तरी बंगलोर बघायचं होतं. आणि तुमची नक्कल करायच्या. अंघोळ करताना तुम्ही भाषण घोकायचा ना, ते त्यांना पाठ. पदराचा फेटा बांधून अख्खं म्हणून दाखवायच्या. आम्ही हसून हसून लोळायचो.

"माझी नक्कल? सुंदरा?" आप्पा हसले. हसता हसताच त्यांना रडू फुटलं, लहान पोरासारखं, मोठ्यानं. लोंढ्यापासूनचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

"आणखी सांगा वैनी," ते म्हणाले. "मला तिचं कायच म्हाईत न्हाई."

बायकोनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि ती त्यांच्यासमोर बसली.