सावधगिरीचं आवतण

"सर, येत्या आमुशाच्या आगंमागं तुमच्या घरी चोर यायचा संभव हाय. तरी सहकुटुंब सावध राहावं ही इनंती. चूलबंद सांगायलो."

भर दुपारी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून सिद्रामअप्पांनी मला हे सांगितलं. डोक्याला स्वच्छ पांढरा रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पितळी तबक आणि तबकात कुंकू लावलेल्या अक्षता. वाक्य संपलं तसे त्यांनी चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि लग्नाला बोलावल्यासारखे हात जोडले.

आमच्या भागात आवतण चूलबंद असलं की घरातल्या सगळ्यांनी, आल्यागेल्या पाहुण्यांसकट जेवायला जायचं आणि त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. हे मला माहीत होतं. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या लोहा गावाकडचा. पण चोरांचं चूलबंद आवतण मी पहिल्यांदाच घेत होतो.

"अप्पा, मी एकटाच राहतो. आणि माझ्याकडं चूल नाही, स्टो आहे."

"मग स्टोबंद समजा."

"आणि हा ठराव मीच लिहिलाय की. काल बैठकीत तुमच्या शेजारीच बसलो होतो."

अप्पांनी माझ्याकडं, पहिलीतल्या मुलाकडं मी पाहतो तसं पाहिलं. "ठराव तुमी लिवलाव. आवतण मी आनलो. दोन्ही येगळं हाय, सर." आणि ते पुढच्या दाराकडं निघाले.

अप्पांचं किराणा दुकान होतं, पण गावात त्यांची खरी ओळख आवतण देणारा माणूस अशी. कुणाचंही लग्न निघो, बारसं असो, तबक अप्पांच्या हातात. कोणत्या घरी आधी जायचं, कोणत्या घरी आजोबांचं नाव आधी घ्यायचं आणि कोणत्या घरी आजी हयात असल्यामुळं आजीचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. दोन भावांनी एका घरात दोन चुली मांडल्या असतील तर अप्पा एकाच उंबऱ्यावर दोनदा हात जोडत. मुसलमान घरी कुंकवाऐवजी खडीसाखर नेत. आवतणाला गेले की कुठंही टेकायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत. "बसलो की गप्पा व्हतात, अन् गप्पात निरोपाचा मान जातो," असं त्यांचं म्हणणं.

कागदाशी त्यांचं उभं वैर. शाळेतल्या पालकसभेची छापील चिठ्ठी मी गावभर पाठवली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं, पण गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून त्यांनाही एक गेली. संध्याकाळी ती घेऊन ते शाळेत हजर. चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मला कागुद बोलिवतो, का सर बोलिवतात?" मी गडबडून उभा राहिलो आणि तोंडानं बोलावलं. सभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

आता आमच्या कमिटीविषयी सांगायला हवं. लातूर नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं निघून जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले आणि नव्या साहेबांना कमिट्यांची भारी हौस. जळकोटच्या वाटेवरच्या आमच्या गावातही जीप आली आणि एक सुरक्षा समिती स्थापन करून गेली. पोलीस, पंचायत आणि नागरिक यांनी मिळून लोकांना सावध करायचं, असा हुकूम. त्यात सरपंच, बीटचे जमादार, सायकलदुकानवाले खाजाभाई, व्यापाऱ्यांतर्फे सिद्रामअप्पा, आणि मास्तरला अक्षर असतं म्हणून चिटणीस मी.

त्यात पाऊस दगा देऊन बसलेला. गावच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा टँकर सुरू झाला. टँकर यायचा, विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळं गाव पोहरे सोडून त्या पाण्यावर तुटून पडायचं. कठड्यावर माणसं दाटीवाटीनं उभी, दोराला दोर अडकलेले. कोण कधी आत जाईल याचा नेम नव्हता.

कमिटीनं भोंगा लावायचं ठरवलं. भोंगा खाजाभाईंचा, मजकूर माझा. "सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरतेवेळी शिस्तीचे पालन करून संभाव्य दुर्घटना टाळाव्यात." खाजाभाई सायकलवर भोंगा बांधून गल्लीगल्लीतून फिरले आणि मी मागून बोलत चाललो. मला वाटलं, काम फत्ते. पुढच्याच टँकरला रेटारेटीत एका बाईचा हात मोडला.

जमादार विहिरीवर येऊन गरजले, "भोंग्यावर सांगितलं होतं का नव्हतं?"

सोनाबाई नावाची म्हातारी घागरीवर हात ठेवून उभी होती. तिनं विचारलं, "कुनाला सांगितलाव?"

"सगळ्यांना."

"सगळ्यास्नी मंजी कुनाला?"

जमादार माझ्याकडं बघायला लागले. मी टँकरकडं. परत येताना अप्पा एवढंच म्हणाले, "बरोबर इचारली म्हातारी." आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर न रेटण्याचं आवतण द्यायला तबक घेऊन दारोदार निघाले.

मी हसलो होतो, कबूल करतो. पण पुढच्या टँकरला विहिरीवर रांग लागली. कुणी रेटायला लागलं तर बायाच म्हणायच्या, "अगं, आवतण घेतलाव न्हवं? मग?" ज्यानं अक्षता घेतल्या, तो शब्दात अडकला. आम्ही कमिटीवाले खूश झालो आणि मग सगळंच अप्पांच्या तबकातून जायला लागलं. सुरुवातीला सांगितलेलं चोरांचं आवतण त्यातलंच. पिसाळलेल्या कुत्र्याचं आवतण गेलं. कडब्याच्या गंजीजवळ विडी न ओढण्याचं आवतण गेलं. दुष्काळी कामावर खडी फोडायला परगावची माणसं आली, तेव्हा ती पोरं पळवणारी आहेत अशी आवई उठली आणि गावातली तरणी माणसं काठ्या शोधायला लागली. अप्पा आधी त्या माणसांच्या पालावर गेले, प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं आणि मग गावात दारोदार तीच नावं सांगत फिरले. नाव कळलेल्या माणसावर काठी उचलणं अवघड जातं. त्या काठ्या जागच्या जागी राहिल्या.

जीपमधून आलेल्या साहेबांनी हे ऐकून विचारलं, "या पद्धतीला काय नाव द्यायचं?" अप्पा म्हणाले, "नाव कशाला? मानसाला मानानं सांगायचं, येवडंच."

आता यात एक खोट होती आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली. अप्पांच्या घराला पाठ लावून एक घर होतं. भिंत एक, दारं दोन गल्ल्यांत. त्या घरी अप्पा कधी जात नसत. ते घर त्यांच्या धाकट्या भावाचं, शिवप्पाचं.

खाजाभाईंनी मला सगळं सांगितलं. भाऊ एकमेकांवर जीव टाकणारे. अप्पांची बायको लवकर गेली, तेव्हापासून ते धाकट्याच्याच चुलीवर जेवत. शिवप्पाची मुलगी निर्मला अप्पांच्या खांद्यावर वाढली. तिचं लग्न ठरलं आणि शिवप्पानं घाईघाईत, अप्पा आंघोळीला गेलेले असताना, पत्रिका दुकानाच्या तराजूत ठेवली आणि तो पुढं निघून गेला. घरातल्याच माणसाला कसलं आवतण, असा त्याचा साधा हिशेब. अप्पा आंघोळ करून आले, पारड्यातली पत्रिका पाहिली आणि म्हणाले, "भावाला मी कागदापुरता झालो." लग्नाला गेले नाहीत. त्या दिवसापासून जेवणही बंद, बोलणंही बंद. कित्येक वर्षं झाली.

"मग त्या घराला कमिटीचा निरोप कोण देतं?" मी विचारलं.

"पहले कोई भी बोल देता था," खाजाभाई म्हणाले. "आता कोन बोलनार? आवतण अप्पाचं हाय. दुसरा कसा सांगल?"

ते खरंच होतं. भोंग्याच्या काळात शेजारीपाजारी शिवप्पाला काहीबाही सांगत. पण आता प्रत्येक सूचनेचं आवतण झालं होतं, आणि आमच्याकडं एकाचं आवतण दुसऱ्यानं पोचवणं म्हणजे त्या घराचा अपमान. तुला बोलावलं नाही, असं तोंडावर सांगण्यासारखंच ते. म्हणून सगळं गाव त्या दारासमोरून मुकाट्यानं जात होतं. अप्पांच्या पद्धतीनं गाव सावध झालं होतं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं घर तेवढं उघडं पडलं होतं.

अशात टँकर मागं घेताना विहिरीच्या कठड्याला धडकला. मारुतीच्या देवळाकडची बाजू भेगाळली, खालची माती सुटली. गवंडी दोन दिवसांनी येणार होता आणि टँकर उद्याच. त्या बाजूला कुणीही पाय ठेवायचा नाही, असं कमिटीनं ठरवलं. आणि त्याच बाजूला शिवप्पाची बायको, गिरिजाबाई, वर्षानुवर्षं पोहरा सोडायला उभी राहायची. दुसरीकडं तिला कुणी पाहिलं नव्हतं.

अप्पांनी संध्याकाळपर्यंत सगळं गाव पालथं घातलं. शिवप्पाचं दार सोडून.

मग मी गेलो. शिवप्पा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मी म्हणालो, "विहिरीच्या कठड्याचं सांगायला आलो."

त्यानं हात वर केला. "सर, तुमी पावने मानूस. बसा, च्या घ्या. पर हिरीचं बोलू नगा. सगळ्या गावाला आवतण हाय, माज्या चुलीला न्हाई. मग माजी हीर येगळी समजायची."

"अहो, जिवाशी खेळ आहे. वहिनी नेमक्या तिथंच उभ्या राहतात."

"जेचं काम हाय तेनं यावं." तो पुन्हा सुपारी कातरायला लागला.

गिरिजाबाई दाराआडून ऐकत होत्या. मी मोठ्यानं बोललो, त्यांना ऐकू जावं म्हणून. त्या म्हणाल्या, "माज्या मालकाला जे सांगितलेलं न्हाई, ते मी ऐकलेलं न्हाई, सर." दोघंही त्यांच्या जागी बरोबर होते आणि मी घाबरलो होतो.

तिथून मी तडक दुकानात गेलो आणि अप्पांना सगळं सांगितलं. ते गूळ फोडत होते. फोडतच राहिले. गिऱ्हाइकानं मागितला होता त्याच्या दुप्पट गूळ फोडून झाला तरी थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शिवप्पाकडं गेलो. म्हटलं, दारात आडवा झोपेन पण बाईंना जाऊ देणार नाही. तेवढ्यात टँकरचा हॉर्न ऐकू आला. गिरिजाबाई डोक्यावर घागर, खांद्यावर दोर घेऊन उंबऱ्यात आल्या. आणि गल्लीच्या तोंडाशी अप्पा दिसले.

डोक्याला रुमाल नव्हता. तबक नव्हतं. दुकान तसंच उघडं टाकून आले होते आणि मुठीत तांदूळ होते, पोत्यातनं उचललेले, कुंकू न लावलेले. धावल्यामुळं धाप लागली होती. दारासमोर येऊन ते थांबले.

"शिव..." म्हणाले, आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "शिवलिंगअप्पा. गिरिजाबाई. हिरीच्या मारुतीकडच्या अंगाला आज कुनी हुबं राहू नये, ही... ही इनंती."

शिवप्पा उठला. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. अप्पांनी मूठ उघडली तसे निम्मे तांदूळ खालीच सांडले.

मग शिवप्पा खाली बघत म्हणाला, "निर्मलाच्या लग्नात तुमचं ताट वाढून ठिवलो होतो, दादा. दिवस मावळस्तोवर. कुनाला उचलू दिलो न्हाई."

"मी आल्तो," अप्पा म्हणाले. "मांडवाच्या मागं, घोड्याच्या दावणीपाशी हुबा होतो. पोरीवर अक्षता टाकलो अन् गेलो."

गिरिजाबाईंनी घागर खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. शिवप्पानं अप्पांचा हात धरला. धरून ओसरीवर बसवलं. आणि कुणाच्याही दारात न टेकणारे अप्पा बसले, आणि लहान मुलासारखे रडले. मला तिथं उभं राहवेना. मी गिरिजाबाईंची घागर आणि दोर उचलला आणि विहिरीवर गेलो.

मास्तर घागर घेऊन रांगेत उभा राहिलेला पाहून बाया हसल्या. मारुतीकडच्या बाजूला कुणी नव्हतं. सगळी रांग अलीकडं होती, तरी माझा नंबर येईपर्यंत त्या कठड्याचे चार-पाच दगड सुटले आणि पाण्यात पडले. सोनाबाई तिकडं बघून म्हणाली, "गिरिजा आली न्हाई वाटतं आज?"

"त्यांना सांगितलंय," मी म्हणालो.

"कोन?"

"अप्पांनी."

तिनं स्वतःचा पोहरा बाजूला घेतला आणि माझी घागर आधी भरून दिली.

पाणी सांडत, थांबत थांबत मी परत आलो. दार उघडंच होतं. चुलीवर तवा होता. अप्पा भिंतीला टेकून पाटावर बसले होते, शिवप्पा त्यांच्याकडं न बघता शेजारी बसला होता, आणि गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. मी घागर कोनाड्याशी ठेवली. कुणी मान वर केली नाही. अप्पा जेवत होते.