कुमुदताईचं ‘काऊन’

आमच्या खामगावच्या गल्लीत दारोदार फिरून मागणारे पुष्कळ होते. कोणी पीठ मागे, कोणी जुनं धोतर मागे, शिमग्याला पोरं गोवऱ्या मागत. लघवी मागणारी मात्र एकटी कुमुदताईच. सकाळी आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांची टोपली कडेवर घेऊन ती दारात उभी राही आणि हळदीकुंकवाचं बोलावणं करावं तितक्या सहज सांगे, “काकू, उद्या सकाळची पयली धार मले ठेवजा बरं. सांडू नका.”

पहिल्या दिवशी समोरच्या काकू म्हणाल्या, “नाही वो बाई, आमची म्हैस आटली.”

“म्हशीची नोहे काकू, तुमची.”

काकूंनी दार लावून घेतलं. ते पुढे दोन दिवस कुमुदताई दिसली की लागायचं.

ही कुमुदताई म्हणजे आमच्या शेजारच्या आबांची एकुलती एक मुलगी. माझ्याहून दोनतीन वर्षांनी मोठी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणून शिकायचं तर नागपूर. मी तिथे वकिलीला होतो आणि ती विद्यापीठात जीवरसायन शिकत होती. वकिली म्हणजे काय हे गल्लीला ठाऊक होतं, त्यामुळे माझी कोणी चौकशी करत नसे. जीवरसायन मात्र कोणाच्या तोंडात बसेना. रसायन म्हटलं की आमच्याकडे वैद्याची बरणी आठवे. त्यामुळे पोरगी नागपूरला म्हातारपण घालवायचं औषध करते अशी हवा पसरली, आणि दात पडलेले दोन पेन्शनर सुटीत तिच्या ओट्यावर येऊन बसू लागले. कोपऱ्यावरचे अत्तरवाले रहीमचाचा त्याहून पुढे गेले. रसायन म्हणजे कीमिया आणि कीमिया म्हणजे तांब्याचं सोनं, असा त्यांचा हिशेब. “बेटी, जमलं तर सगळ्यात पहले आपल्या चाचाले सांगजो,” असं म्हणून त्यांनी दुकानातल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या तिला देऊन टाकल्या. ती टोपली त्यांचीच.

कुमुदताईचा मूळ रोग म्हणजे ‘काऊन’, आमच्या वऱ्हाडीतलं ‘का’. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर तिचं पहिलं बोलणं तेच. दूध उतू का जातं, विरजणानं दही का लागतं, पापडखारानं पापड का फुगतो, याला तिच्या आत्यानं म्हणजे आबांच्या विधवा बहिणीनं काय उत्तर द्यावं? कुमुदताईची आई लवकर गेली, वाढवलं आत्यानं. आत्याचं एकच उत्तर होतं, “मी म्हनतो म्हनून.”

त्यावर फ्रॉकातली कुमुद कमरेवर हात ठेवून म्हणे, “‘म्हनून’ हे काही उत्तर नोहे!”

हे वाक्य तिनं पुढे शाळेत मास्तरांना ऐकवलं, कीर्तनात बुवांना ऐकवलं, आणि तिला बघायला आलेल्या एका मुलाच्या काकांनाही ऐकवलं. ते स्थळ चहा न घेता गेलं.

आबा मात्र तिला कधी रागावले नाहीत. ते सरकी काढायच्या एका जिनात रुईची पारख करत. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत धरून ओढला की धागा किती लांब, गाठोडं कोणत्या गावचं, पाणी कुठलं लागलं, सगळं सांगत. पोरगी विचारी, “काऊन?” आबा तिच्या हातात कापूस देऊन म्हणत, “ओढून पाय. मंग तूच सांग मले.” माझ्या मते तिचं विद्यापीठ तिथंच सुरू झालं होतं. नागपूर पुढचं.

नागपूरला या ‘काऊन’नं फार मजा केली. तिला शिकवणारे सर जबलपूरकडचे, पक्के हिंदी. ते म्हणत, “एन्झाइम स्टार्च को तोड़ता है.” मागून कुमुदताई, “काऊन?” सरांना ऐकू येई ‘कौन?’ ते चष्मा काढून म्हणत, “एन्झाइम! अभी तो बताया!”

पुढचं वाक्य झालं की पुन्हा तेच. मुलगी हुशार आहे पण लक्ष कुठे असतं कोण जाणे, कर्ता कोण तेच विसरते, असं सरांचं मत झालं. त्यांना कोणी खरं सांगितलं नाही, कारण वर्गाची करमणूक बुडाली असती. कुमुदताई वसतिगृहात जाऊन रात्रभर पुस्तकात आपल्या ‘काऊन’ची उत्तरं शोधी आणि सकाळी नवा घेऊन येई.

हे असं चाललं असतं तर मी आज हे लिहायलाही बसलो नसतो. पण त्या वर्षी आबा वाळू लागले. चांगला उंचापुरा माणूस, सदऱ्यात हरवला. जेवण दुप्पट आणि अंगाला काही नाही. उशाशी एक तांब्या असे त्याचे दोन झाले, मग कळशीच आली. जिनातून आले की ओट्यावर बसून राहत.

गल्लीनं निदान लगेच केलं. पोरीच्या घोरानं बाप खंगला. आत्यानं तर दिवाळीत सगळ्यांदेखत सांगितलं, “तिकडे ही काचेच्या नळ्या हालवून राह्यली अन् इकडे माहा भाऊ आटून राह्यला. आता नागपूर बंद. धामनगाव बढे गावचं स्थळ हाय, घरची जमीन हाय, पोरगा निर्व्यसनी हाय. माघात उरकून टाका.”

एरवी आबांनी हे हसण्यावारी नेलं असतं. या खेपेला ते नुसते “पाहू” म्हणाले. त्यांच्यात वाद घालायचीही ताकद राहिली नव्हती. कुमुदताईनं मान खाली घातली. ‘काऊन’ म्हणाली नाही. तिच्यासारखी बाई गप्प बसलेली पाहून मलाच कसंतरी झालं.

डॉक्टरला दाखवा म्हटलं की आबा उसळत. “मले काय धाड भरली?” हे त्यांचं ठरलेलं. सुईचं नाव काढलं तर जेवणावरून उठत.

आणि नेमक्या त्याच सुटीत, घरात हे सगळं चालू असताना, या बाईनं बाटल्यांची टोपली उचलली आणि गल्लीभर मागत सुटली. मला रागच आला. बाप असा, लग्न डोक्यावर, आणि हिला अभ्यास सुचतो! पण तिच्यापुढे बोलायची प्राज्ञा नव्हती. उलट पहिली बाटली माझ्याच हातात आली. “लाजतं काय बे मधू? कोर्टात याच्याहून वाईट गोष्टी बोला लागतीन.”

हळूहळू लोकांना चेव आला. रहीमचाचांनी दिली, पेन्शनरांनी रसायनाच्या आशेनं दिली, शेवटी समोरच्या काकूंनीही पदराखाली झाकून आणून दिली. कोणाची कोणती ते कळावं म्हणून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. गल्लीत राहिले फक्त आबा.

“मले काय धाड भरली?” आबा म्हणाले.

“तुम्हाले नाही भरली, पन साऱ्या गल्लीनं देली,” कुमुदताई म्हणाली. “लोक काय म्हनतीन? पोरीच्या अभ्यासाले बापानंच देली नाही.”

आबांना हे लागलं. सकाळी त्यांनी बाटली आणून टोपलीत ठेवली. रंगीत दोरे संपले होते, तर सदऱ्याच्या खिशातला चिमूटभर कापूस काढून त्यांनी बोटांत पिळला आणि त्याचा पांढरा दोरा बाटलीला बांधला. “पाय, किती लांब धागा हाय,” असंही म्हणाले.

हे सगळं तपासायचं कुठे? घरी आत्याचा हुकूम होता की चुलीवर असलं काही उकळलं तर ती काशीला निघून जाईल. म्हणून ‘एवढं तपासून येतो’ असं आबांना सांगून कुमुदताई नागपूरला निघाली, आणि टोपली उचलायची मी. नासू नये म्हणून वर कसलंसं उग्र औषध टाकलेलं. जलंबला गाडी बदलताना मी ती टोपली देव्हारा उचलावा तशी सांभाळली, कारण अंगात नवा कोट होता.

नागपूरच्या जकातनाक्यावर मुनशीनं अडवलं. बाटल्यांवर खस, मोतिया अशी छापील नावं. “अत्तर है. महसूल लगेगा.”

कुमुदताई शांतपणे म्हणाली, “अत्तर नहीं है भैया, पेशाब है.”

“हमको बनाती हो?” म्हणत त्यानं मोतियाचं बूच काढलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. त्याचं तोंड जसं झालं तसं पुढे वकिलीत पुष्कळ उलटतपासण्या घेऊनही मी कोणाचं झालेलं पाहिलं नाही. ती बाटली माझी होती हे मी त्याला सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत मी टोपली ठेवून तिथंच उभा राहिलो. सरही शेजारी येऊन उभे राहिले. कुमुदताईनं नळ्यांत निळं पाणी घेतलं, प्रत्येकीत थेंब टाकले आणि एकेक नळी उकळत्या पाण्यात धरू लागली. साखर असली तर रंग पालटतो, एवढं तिनं मला सांगितलं होतं. काकूंची निळीच राहिली. चाचांची निळी. माझी निळी, हे बरं झालं. मग तिनं पांढऱ्या दोऱ्याची बाटली घेतली. 

नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि बघता बघता विटेसारखी लाल झाली.

सरांनी ती उजेडात धरली. “बहुत शक्कर जा रही है. इस आदमी का इलाज जल्दी होना चाहिए. देर की तो नहीं बचेगा.”

“काऊन?” कुमुदताई म्हणाली. अगदी हळू. तो प्रश्नच नव्हता. याचं उत्तर तिला सरांइतकंच पाठ होतं.

सरांना नेहमीसारखं ‘कौन’ ऐकू आलं. “कौन? ये तो तुम बताओगी बेटी. बोतल तुम लाई हो.”

ती त्या पिळलेल्या दोऱ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मेरे पिताजी.”

सरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्या प्रश्नाला बरोबर उत्तर मिळालं होतं आणि ते कोणालाच नको होतं.  कोट चढवून सर आम्हा दोघांना टांग्यात घालून ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

वाटेत मी विचारलं, “ताई, तुला आधीच माहीत होतं?”

“मोरीत मुंग्या पाह्यल्या मी, सुटीले आली त्याच दिवशी. आबा जिथी लघवीले बसते तिथीच.”

“मग सगळ्या गल्लीची कशाला मागत फिरलीस? लोक हसले तुला.”

“हसू दे ना. एकट्या आबाले मागतली असती तर देली असती काय? बिमार माना लागलं असतं सोताले. साऱ्यायनं देली, मंग आबानं देली.” आणि पदरानं नाक पुसून म्हणाली, “काकूची म्हैस आटली म्हने.” ती हसली, मग रडली, आणि टांगेवाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. तिच्यावर मी मनातल्या मनात जितका रागावलो होतो त्या सगळ्याची मला लाज वाटली. तिच्याइतकं शहाणं माणूस मी नंतरही फारसं पाहिलं नाही.

डॉक्टरांनी सुई कशी द्यायची ते शिकवलं. तिनं सराव संत्र्यांवर केला. वसतिगृहात दोन दिवस ती संत्र्यांना टोचत होती, आणि टोचताना त्यांना “दुखलं काय?” असं विचारत होती, असं तिच्या मैत्रिणी सांगत. तिसऱ्या दिवशी भुशातल्या बर्फात औषधाच्या कुप्या ठेवून आम्ही परत खामगावला निघालो.

आबा ओट्यावर बसले होते. आत्या दारात. मला वाटलं, ही आता जीवरसायनाचं सगळं पुस्तक उघडणार. स्वादुपिंड, साखर, रक्त, सगळं. गल्लीत कोणीही शिंकलं तरी ती एवढं सांगत असे. पण ती आबांच्या पायाशी बसली आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, “आबा, तुमच्या लघवीत साखर हाय.”

आबांनी विचार केला. “रेशनवर साखर भेटत नाही अन् माह्या पोटातून सांडून राह्यली?”

“हाव. पोरीच्या घोरानं नाही, साखरेनं वाळले तुम्ही.” हे बोलताना तिनं आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत्यानंच डोळ्याला पदर लावला. “आता रोज सुई घ्या लागते.”

सुई म्हटल्यावर आबांचा चेहरा बदलला. आता उठून जातील, असं मला वाटलं. पण ते तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले,

“काऊन?”

जन्मभर हा शब्द तिनं जगाला विचारला होता. आज तो तिच्यावर आला, आणि एवढी शिकलेली बाई गोंधळून गेली.  शेवटी ती म्हणाली,

“मले तुम्ही पाह्यजे, म्हनून.”

 आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “‘म्हनून’ हे काही उत्तर नोहे, माय.”

आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर केली.