हरणांसाठी राखीव

हरणांच्या मनातलं ओळखणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात मी एकटाच आहे, असं मी स्वतः कधी म्हणत नाही. पण कुणी म्हटलंच, तर खोडूनही काढत नाही! मी शाळेत विज्ञान शिकवतो. निरीक्षण, प्रयोग, अनुमान हे सगळं माझ्या रक्तातच आहे. शेती मात्र बायकोच्या, रूथच्या, ताब्यात आहे. त्यामुळे ती व्यवस्थित चालते.

आमचं वावर माळरानाला खेटून. माळावर काळविटांचे कळप. दिसायला इतकी देखणी की बघत राहावं. आपण बघत राहतो आणि ती खात राहतात! गेल्या वर्षी त्यांनी रूथचा सगळा हरभरा फस्त केला. बरं, नुसतं पीक गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण नेमका तोंडावर आमच्या चर्चचा हंगामाचा सण आला.

या सणाला प्रत्येक घरानं आपल्या वावरातलं पहिलं, उत्तम पीक वेदीपुढे ठेवायचं आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव करायचा, अशी पद्धत आहे. कुणी गव्हाच्या लोंब्या आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडा. रूथकडे काहीच नव्हतं. तिनं बाजारातून नारळ आणला आणि गुपचूप ठेवला. पण माझी बहीण नॅन्सी कसली सोडते! ती गावातच दिलेली आहे, कॅनॉलच्या खालच्या अंगाला, आणि तिचा भोपळा त्या दिवशी दोन माणसांनी उचलून आणला होता.

"वैनी," सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ह्यो नारळ कुठल्या वावरात पिकला गं?"

रूथनं घरी येऊन भांडी घासली. इतक्या जोरात घासली की एका पातेल्याची कल्हई गेली. मला फार वाईट वाटलं. यंदा हरभरा पेरल्यावर ती मला म्हणाली, "अहो, ह्या वर्षी माझा हरभरा चर्चमध्ये गेला पाहिजे. हरणांच्या पोटात गेला तर मी काय करीन, ते मलाच माहीत न्हाई."

"तू निर्धास्त राहा!" मी म्हणालो. "हा प्रश्न विज्ञानाचा आहे."

"म्हणूनच काळजी वाटते," ती म्हणाली.

गावातले लोक बांधावर जुन्या साड्या बांधतात. साडी हलली की हरीण बुजतं, असा समज. आमच्या गावची हरणं आता बुजत नाहीत. जिथे साडी तिथे चांगलं पीक, हे त्यांच्या पाडसांनासुद्धा पाठ झालंय! माझी योजना वेगळी होती. पाहुण्याला ओसरीवरच पोटभर जेवू घातलं, तर तो स्वयंपाकघरात कशाला डोकावेल? माळाच्या कडेचा तुकडा हरणांसाठीच पेरायचा. त्यांचं ताट वेगळं, आपलं वेगळं. रूथचा हरभरा घराच्या बाजूला, सुखरूप!

आता प्रश्न एकच. पेरायचं काय?

मी प्रयोग केला. बांधावर चार घमेली मांडली. एकात ज्वारी, एकात बाजरी, एकात मका, एकात गहू. सकाळी जाऊन पाहतो तर चारही घमेली चाटूनपुसून साफ! मी आनंदानं ओरडलो, "रूथ, त्यांना सगळंच आवडतं!"

रूथनं खाली वाकून लेंड्या पाहिल्या. "ही शेजारच्या कानिफनाथ भावजींची शेळी आहे," ती म्हणाली.

मग मी तज्ज्ञांकडे वळलो. तज्ज्ञ म्हणजे पारावर बसलेलं कुणीही. मका लावायचा म्हटलं तर सगळे ओरडले, "मका नगं! हरनाच्या आधी डुकरं येत्यात." बाजरी म्हटलं तर हसले, "थंडीत बाजरी? मास्तर, पोरांना हेच शिकवता व्हय?" गहू म्हटलं तर पाणी कुठून आणणार म्हणाले. शेवटी मी मोबाईलवर वाचून ओट्सचं नाव काढलं. परदेशात हरणांसाठी म्हणे ओट्सच पेरतात. ते रूथला सांगितलं.

"डॉक्टरनं तुम्हाला सकाळी खायला सांगितलेत तेच ना?" ती म्हणाली. "हरणांना काय शुगर झालीय?"

राहिली ज्वारी. पण कुठली ज्वारी? माझा शेजारी कानिफनाथ जुनी बियाणी राखून ठेवतो. त्याच्याकडे गेलो. त्यानं मालदांडीचं बी पुढे केलं. मी म्हणालो, "साधं नको. तुझ्याकडची सगळ्यात गोड कुठली?"

"गोड म्हनशीला तर गूळभेंडी. पर ती हुरड्याची हाय मास्तर."

"तीच दे!"

"हरनांला गूळभेंडी?" त्यानं कपाळावर हात मारला. "आवो, आमी सोयऱ्यांला देताना इचार करतो! मास्तर, ऐका माजं. ही जवारी लावली की खानारे लई येत्यात."

"अरे, खाणारे यावेत म्हणूनच तर लावतोय!"

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं बी दिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला पुढे जानेवारीत कळला.

सुरुवातीला तर योजना अशी फळली की मलाच माझा हेवा वाटू लागला. ज्वारी तरारली. हरणं यायची, माळाच्या कडेनं शेंडे खुडायची आणि निघून जायची. रूथच्या हरभऱ्याला त्यांनी तोंड लावलं नाही. झाडं घाट्यांनी लगडली. एका सकाळी रूथनं मी न मागता चहा दिला, आणि त्यात साखरही होती! मी शाळेत सांगितलं, पारावर सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? मी रस्त्याच्या कडेला पाटी लावली. 'ही गोड गूळभेंडी ज्वारी फक्त हरणांसाठी राखीव आहे. माणसांनी खाऊ नये.'

पाटी लावली आणि कणसं नेमकी दुधात आली. म्हणजे हुरड्यात!

तुम्ही देशावरचे असाल तर पुढचं सांगायला नको. नसाल तर एवढंच ध्यानात घ्या, की वावरात हुरडा असताना आलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्याकडे सोय नाही. भांडण असलेला भाऊबंदसुद्धा बांधावर उभा राहिला तर कणसं भाजायला आगटी पेटवावी लागते. आणि मी तर रस्त्यावर पाटी लावून बसलो होतो!

पहिले आले आमचे मुख्याध्यापक. "यशया सर, हरणांचा प्रकल्प पाहायला आलो," म्हणाले आणि येताना लसणाची चटणी घेऊन आले. मग पाळकसाहेब आले. त्यांनी आधी पिकासाठी प्रार्थना केली. प्रार्थना हुरडा भाजून झाल्यावरच संपली, कारण डोळे मिटूनही त्यांना वास येत होता. मग ज्यांना मी एसटीत भेटलो होतो ते गृहस्थ आले, सहकुटुंब!

"फक्त कडेची कणसं घ्या हं," मी प्रत्येकाला सांगायचो. "आतली हरणांची आहेत." कड रोज आत आत सरकत होती.

एके दिवशी वनखात्याचा गार्ड मोटारसायकलवरून उतरला. चेहरा गंभीर. अंगद नाव त्याचं.

"मास्तर, तक्रार हाय. तुमी चारा लावून हरनं गोळा करताय म्हनं. कशापायी?"

मी हातच जोडले! "शिकारीसाठी नाही हो! मी तर उंदीरसुद्धा पिंजऱ्यातून माळावर नेऊन सोडतो. बायकोचा हरभरा वाचावा म्हणून केलं."

"बघू द्या काय लावलंय." त्यानं एक कणीस मोडलं, तळहातावर चोळलं, दाणे तोंडात टाकले. डोळे मिटले. "कच्चं न्हाई कळत," तो म्हणाला. "भाजून तपासावं लागंल."

दुपारभर तपासणी चालली. मधे त्यानं दही मागितलं.

आणि मग आला तो रविवार. उपासनेनंतर नॅन्सी सासरकडच्या केडगावच्या नातेवाइकांना घेऊन आली. टेम्पो भरून! त्यात तिच्या चुलत सासूबाई बायडाबाई मांडीवर शेवेची पिशवी धरून महाराणीसारख्या पुढे बसलेल्या.

"दादा, ह्यांनी हरीन बघितलं न्हाई कदी," नॅन्सी म्हणाली. "म्हटलं, दादाकडं हरीन बी बघू आन हुरडा बी खाऊ."

रूथनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग ती चुलीपुढे बसली ते उठलीच नाही. शेंगदाण्याची चटणी वाटून होते तोवर लसणाची संपायची, लसणाची वाटून होते तोवर ताक संपायचं. एरवी दुपारी ती हरभऱ्याच्या बांधावर बसून राखण करायची. त्या दिवशी राखण कोण करणार? मी? मी तर यजमान होतो!

तुकड्याच्या मधोमध आगटी पेटली. गोवऱ्यांचा धूर माळावर पसरला. पोरं ओरडत होती, बायका हसत होत्या, टेम्पोवाल्यानं गाणी लावली होती. हरणांचा मागमूस नाही. बायडाबाई हात चोळत म्हणाल्या, "लेका, हुरडा झ्याक हाय. पर तुजी हरनं कुठं हायेत? का नुस्तीच पाटी?"

मला ते झोंबलं. मी ढेकळावर चढलो आणि चौफेर नजर फिरवली. आणि काय सांगू! घराच्या अंगाला अख्खा कळप! एक काळाकुळकुळीत काळवीट, वेटोळ्या शिंगांचा, ऐटीत उभा आणि भोवती माद्या, पाडसं.

"ते बघा!" मी ओरडलो. "तिकडे!"

सगळे उठले. "अगं बाई, किती गोड!" मोबाईल बाहेर आले. मला मास्तरकीचं भरतं आलं. "शांत राहा! निरीक्षण करा! हे प्राणी माणसाला अजिबात घाबरत नाहीयेत. कारण? कारण त्यांना इथे विश्वास वाटतो! बघा, मान खाली घालून कसे शांतपणे चरताहेत. त्या पाडसाकडे बघा, घाटे कसे अलगद..."

'घाटे' हा शब्द तोंडातून गेला आणि मी थांबलो.

तेवढ्यात रूथ चटणीचं पातेलं घेऊन घराबाहेर आली. ते तिच्या हातातून पडलं.

"अहो! ते माझ्या हरभऱ्यात आहेत!"

मी धावलो. अंगद धावला, तो तपासणीला पुन्हा आला होता. पाळकसाहेबही धावले, तेही पुन्हा आले होते. केडगावकरांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या! टाळ्यांनी हरणं उधळली आणि जाताना उरलेला हरभराही तुडवून गेली.

संध्याकाळी टेम्पो गेला. इकडे ज्वारीची नुसती धाटं उभी, तिकडे हरभऱ्याचे खुंट. हरणांचं माणसांनी खाल्लं होतं आणि माणसांचं हरणांनी. रूथ बांधावर बसली होती. रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "चुकलं माझं."

"पाटी तेवढी काढा," ती म्हणाली.

हंगामाचा सण आला. मी भीत भीत विचारलं, "नारळ आणू?" ती म्हणाली, "नको. माझं मी बघते." आणि तिनं मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. मला बरं वाटलं. म्हटलं, राग गेला!

उपासना झाली, अंगणात लिलाव सुरू झाला. लिलाव पुकारायचे आमचे पंच आबासाहेब. आवाज असा की शेजारच्या वस्तीवर बोली लागावी. नॅन्सीचा भोपळा गेला. कोंबडा गेला. तो दरवर्षी कानिफनाथच घ्यायला येतो. मग आबासाहेब म्हणाले, "रूथबाई, तुमचं काय?"

रूथ उठली. माझा दंड धरून तिनं मला पुढे नेऊन उभं केलं.

"आमच्या वावरात हरणांनी जेवढं शिल्लक ठेवलं," ती म्हणाली, "तेवढं आणलंय."

 मग असा हशा उसळला की चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली! सगळ्यात मोठ्यानं नॅन्सी हसत होती, पण या खेपेला ती वैनीकडे कौतुकानं बघत होती. आबासाहेब मात्र हसले नाहीत. कामाला ते पक्के! मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी पुकारा केला. "यशया मास्तर! एक नग! वापरलेला! कोण बोलतं?"

कुणीच बोलेना. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. एवढा हुरडा खाल्लेला माणूस, पण त्यांनी बायबल उघडून वाचायला सुरुवात केली. सख्खी बहीण नॅन्सी छताकडे पाहू लागली. अंगणाला छत नाही!

शेवटी मागून आवाज आला. "कडब्याची एक पेंढी!"

कानिफनाथ होता. काखेत कोंबडा.

"तुला कशाला रे हवेत मास्तर?" आबासाहेबांनी विचारलं.

"गव्हात हुभं करायला. बुजगावनं फाटलंय."

"दिले!" रूथ म्हणाली. आबासाहेबांना एक वार, दोन वार म्हणायचीसुद्धा संधी मिळाली नाही.

शब्द तो शब्द. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी कानिफनाथच्या गव्हात हात पसरून उभा राहिलो. कळप आला. काळविटानं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, ओळखलं आणि निवांतपणे गहू खायला सुरुवात केली. एक पाडस तर माझ्या सावलीत बसलं.

काल कानिफनाथ घरी आला होता. "वैनी, माल खराब निगाला. पेंढी परत द्या."

"कुठून देऊ भावजी?" रूथ म्हणाली. "मी ती माळाच्या कडेला टाकली होती. हरणांनी काडीसुद्धा ठेवली न्हाई. हरभऱ्याला नवे फुटवे आलेत, तिकडं ढुंकून बघितलं न्हाई त्यांनी."

मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. बाहेर येणं मला बरं वाटलं नाही. मी गूळभेंडी पेरली तेव्हाही कडबा तर आमच्या गोठ्यामागे गंजीभर पडून होता.