मेणापुरतं वजन

यंदा बायकोच्या स्कीला आपण मेण लावायचं नाही, गुपचूप दुकानात देऊन यायचं आणि घरी मात्र आपणच लावलं असं सांगायचं, एवढा साधा बेत प्राध्यापक हाल्वर त्वाइतेन यांनी केला होता. बेत साधा असला की प्राध्यापकांना धास्ती वाटायची. (अवघड बेत ते मुळात हातीच घेत नसत, त्यामुळे तिथे धास्तीचा प्रश्न येत नसे.)

त्यांच्या दरीत बायकोच्या स्कीला मेण लावायचं काम नवऱ्याचं. स्वयंपाक कोणी करायचा, भांडी कोणी घासायची यावर घरोघर नवे करार झाले होते, पण तळघरातल्या मेणाला कोणी हात लावला नव्हता. बायको शर्यत जिंकली की पाय तिचे. हरली की मेण त्याचं. या अटींवर प्राध्यापक बेचाळीस वर्षं नोकरी करत होते. विद्यापीठातली संख्याशास्त्राची नोकरी कधीच संपली, भाषणं झाली, फुलं मिळाली. तळघरातून मात्र निवृत्ती नव्हती.

आणि आता तर तिथून हकालपट्टीचीच वेळ आली होती. गेल्या ईस्टरला बायकांच्या शर्यतीत आस्लॉगबाई शेवटच्या उतारावर अडकून पडल्या. चढावर अडकणं कोणीही समजून घेतं. आस्लॉगबाई उतारावर अडकल्या! काठ्या टोचून टोचून त्या खाली येत होत्या, आणि शेजारच्या ऑडमुनची बायको बोर्गहिल "काय गं, देखावा बघतेयस का?" असं विचारत सुर्रकन बाजूने गेली आणि बक्षिसाची तांब्याची किटली जिंकून मोकळी झाली. तसे प्राध्यापक स्वतःही उतारावर अडकत. पण त्याबद्दल त्यांच्याजवळ दवाचा आणि हिमकणांच्या आकाराचा एक सिद्धांत होता. आस्लॉगबाईंजवळ सिद्धांत नव्हता, नवरा होता.

"हाल्वर," त्या घरी येताच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या स्की ऑडमुनकडे."

"ऑडमुनकडे?"

"बोर्गहिलच्या करतोच आहे, त्यात माझ्याही करील. मेण लावण्यात हात आहे त्याचा."

बायको परक्या पुरुषाबरोबर रात्रभर नाचली असती तरी प्राध्यापकांनी ते उदार मनाने घेतलं असतं. पण परक्या पुरुषाने तिच्या स्कीला मेण लावायचं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. त्यांनी वर्षभर मनधरणी केली, कपाटं आवरली, बटाटे सोलले. शेवटी आईच्या सत्तरीला मुलांनी नव्या कोऱ्या स्की पाठवल्या तेव्हा आस्लॉगबाई जरा विरघळल्या.

"ठीक आहे. ही शेवटची संधी. स्की नव्या आहेत, आता जुन्या स्कीचा बहाणा चालायचा नाही."

शेवटची संधी म्हटल्यावर स्वतः मेण लावायची प्राध्यापकांची हिंमत होईना, आणि त्यांनी स्की चादरीत गुंडाळून युरुनच्या दुकानात नेल्या.

युरुन म्हणजे स्की घासून, तासून, मेण लावून देणारी गावातली एकमेव बाई. तिचा आवाज असा, की वसंतात तिने बोलताना दुकानाचं दार लावून घ्यावं, नाहीतर डोंगरावरचा बर्फ सुटेल, असं लोक म्हणत. ईस्टरच्या आठवड्यातली रांग दारापर्यंत आली होती.

"नव्या दिसतात! दोन्ही टोकांना गुळगुळीत मेण, मधोमध चिकट. होईल. वजन?"

"स्कीचं?"

"स्कीचं काय करायचंय? बायकोचं!"

रांगेने माना पुढे काढल्या.

"त्याची... गरज असते का?" प्राध्यापकांनी हळू आवाजात विचारलं, या आशेने की तीही हळू बोलेल.

"नसते कशी? ही स्की बघा, मधे धनुष्यासारखी उचललेली. चढावर एका पायावर सगळा भार दिला की मधला भाग बर्फाला टेकतो आणि चिकट मेण पकडतं. उतारावर भार दोन्ही पायांवर, तेव्हा तो भाग अधांतरी पाहिजे. चिकट मेणाचा पट्टा किती लांब आखायचा हे वजनावर. कमी सांगाल तर पट्टा लांब होईल आणि बाई उतारावर चिकटून बसेल. जास्त सांगाल तर आखूड होईल आणि चढावर पाय घसरतील."

"मग काय सांगू?"

"खरं सांगा!"

प्राध्यापकांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांचा प्रबंध अंदाजातल्या चुकांवर होता, चारशे पानं. त्यातलं एकही पान मदतीला आलं नाही.

"मध्यम आहे," ते म्हणाले.

"मध्यम सगळ्याच असतात! कोण बाई मध्यम नाही?"

"आमच्या हिचं लिही, एक्क्याऐंशी," मागून आवाज आला. "दरवर्षी काय विचारतेस?"

प्राध्यापकांनी वळून पाहिलं. ऑडमुन! ज्याच्या मेणातल्या हाताची दरीभर ख्याती होती तो ऑडमुन, काखेत बोर्गहिलच्या स्की, त्याही चादरीत.

"तू इथे?"

"तुम्ही इथे?" ऑडमुन म्हणाला. मग दोघांनीही आपापली चादर नीट केली. "बोर्गहिलला बोलू नका म्हणजे झालं."

"आस्लॉगला बोलू नकोस म्हणजे झालं."

"बाईंना घेऊनच या ना," युरुन म्हणाली. "स्कीवर उभी करते, खालून कागद सरकवते, जिथवर जाईल तेवढा पट्टा, काम झालं."

"तिला वेळ नाही," प्राध्यापक म्हणाले आणि स्की तिथेच ठेवून आकडा आणायला घरी निघाले.

बायकोला सरळ विचारायचं? बेचाळीस वर्षांत त्यांनी देव, मरण आणि सासूबाई या तिन्ही विषयांवर तिच्याशी मोकळेपणाने चर्चा केली होती. पण हा प्रश्न ओठावर आला की त्यांना डोळ्यांसमोर ऑडमुन दिसे, हातात मेणाची ट्यूब घेऊन. शेवटी ते वजनकाटा विकत घेऊन आले आणि तो न्हाणीघरात मांडला. बायका काटा दिसला की एकदा तरी उभ्या राहतातच, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. तिने उभं राहावं म्हणून ते आधी स्वतः उभे राहून दाखवायला गेले. मान खाली घातली, पण आकडा दिसला नाही. मधे स्वेटर येत होता. (स्वेटरच्या आत काय होतं, हा वेगळा विषय.)

"आता तू," ते दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले.

"मी कशाला?"

"सहज. नवा आहे."

"बरं झालं आणलास," असं म्हणून आस्लॉगबाईंनी काटा उचलून स्वयंपाकघरात नेला आणि त्यावर ईस्टरसाठी आणलेली मेंढीची तंगडी ठेवली. "बघितलंस? खाटकाने बरोबर दिलंय. उगाच शंका घेत होते."

तंगडीचं वजन कळलं. बायकोचं राहिलंच.

मग प्राध्यापकांनी प्रत्यक्ष प्रयोग करायचं ठरवलं. तळघरातलं बटाट्यांचं पोतं त्यांनी आधी उचलून पाहिलं. त्याच्यावर वजन छापलेलं होतं, म्हणजे हाताला माप कळलं. तो हात विसरायच्या आत ते जिना चढून वर आले. आस्लॉगबाई शेगडीजवळ वॉफल करत होत्या. प्राध्यापकांनी मागून जाऊन त्यांना दोन्ही हातांनी कवेत घेतलं, श्वास घेतला आणि उचललं.

आस्लॉगबाई जमिनीवरून तसूभरही हलल्या नाहीत. हलली ती प्राध्यापकांची कंबर, आणि तीही भलत्या दिशेने.

"अरे! काय झालं? चक्कर आली का?"

"नाही," प्राध्यापक तसेच वाकलेल्या अवस्थेत म्हणाले, "प्रेम आलं."

"आत्ता? वॉफल जळतोय माझा!"

पण त्या हसल्या. त्यांनी नवऱ्याला बाकावर पालथं घातलं, कंबरेला मलम चोळलं, आणि चोळता चोळता गुणगुणायला लागल्या. "या वयात काय सुचतं तुला एकेक," असंही म्हणाल्या. उशीत तोंड खुपसून पडलेल्या प्राध्यापकांना वाटलं, आपण अत्यंत नीच मनुष्य आहोत, आणि वर आकडाही मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी ते काटकोनात वाकून दुकानात शिरले.

"सापडलं का वजन?" युरुनने विचारलं. रांग कालच्यापेक्षा लांब होती, आणि तिच्यात ऑडमुनही होता, तयार स्की न्यायला आलेला.

"अठ्ठावन्न," प्राध्यापक म्हणाले.

हा आकडा अगदीच हवेतला नव्हता. लग्नाच्या वर्षी आस्लॉगबाईंनी पहिल्या स्की घेतल्या तेव्हा दुकानदाराने त्यांना धान्याच्या काट्यावर उभं केलं होतं, आणि काट्याने अठ्ठावन्न दाखवलं होतं. ते प्राध्यापकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शास्त्रात याला शेवटचं खात्रीचं निरीक्षण म्हणतात. घरात याला थाप म्हणतात.

"अठ्ठावन्न?" युरुनने हातातली मेण वितळवायची इस्त्री खाली ठेवली.

"मोजलेलं आहे."

"कधी?"

"मोजलेलं आहे," प्राध्यापक पुन्हा म्हणाले.

मागे ऑडमुनला जोराचा खोकला आला.

"बरं बाबा. आकडा तुमचा, मेण माझं," युरुन म्हणाली, आणि तिने अठ्ठावन्नाला शोभेल असा लांबलचक पट्टा आखला.

शर्यतीच्या दिवशी ऊन लखलखीत पडलं होतं आणि बर्फ भिजलेल्या साखरेसारखा झाला होता. चढावर आस्लॉगबाई अशा सुटल्या की लोक कॉफी प्यायचे थांबले. एक पाऊल घसरेल तर शपथ! सत्तरीची बाई शेळीसारखी टेकाड चढत होती आणि बोर्गहिल मागे धापा टाकत होती. खाली, कॉफीच्या टेबलाजवळ, प्राध्यापकांची कंबर क्षणभर सरळ झाली. 'कदाचित,' त्यांना वाटलं, 'कदाचित माझी चूक झालेली नाही.' (हा विचार त्यांच्या मनात आयुष्यात फार थोड्या वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी चुकीचा निघाला होता.)

आस्लॉगबाई टेकाडाच्या माथ्यावर आल्या, गुडघे वाकवले, काठ्या बगलेत धरल्या, शेवटच्या उताराला लागल्या आणि उभ्या राहिल्या.

नुसत्या उभ्या राहिल्या. एखाद्या थोर स्त्रीचा पुतळा गावाने माथ्यावर बसवावा तशा. मग पुतळ्याने एक काठी टोचली आणि वीतभर पुढे आला.

"याही वर्षी देखावा?" बोर्गहिल बाजूने ओरडत गेली. खाली टाळ्या पडल्या, किटली तिच्या हातात आली. बऱ्याच वेळाने आस्लॉगबाई पोचल्या, त्यांनी स्की काढल्या आणि त्या खांद्यावर टाकून तडक कॉफीच्या टेबलाकडे आल्या. प्राध्यापक थर्मासमागे लपायला गेले, पण थर्मास लहान होता.

"हाल्वर. खरं सांग. कसलं मेण लावलंस?"

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. पण टेबलामागे कॉफी ओतायला युरुन होती, आणि तिचा धंद्याचा अभिमान जागा झाला.

"मेणाला नाव ठेवायचं नाही, बाई! मेण माझं आहे! यांनी अठ्ठावन्न किलो सांगितलं, मी अठ्ठावन्नाचा पट्टा आखला!"

अख्ख्या उताराने ऐकलं. स्की दुकानात दिल्याचं आणि वजनाचं, दोन्ही गुपितं एका दमात बाहेर पडली होती. ईस्टरची संत्री सोलत बसलेल्या लोकांचे हात थांबले. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांपुढे ऑडमुन आला, हातात मेणाची ट्यूब.

"किती सांगितलं?" आस्लॉगबाईंनी विचारलं.

"अठ्ठावन्न," प्राध्यापक मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

"कुठे?"

"दुकानात! भर रांगेत!" युरुन म्हणाली.

आस्लॉगबाईंनी टोपी काढली. केस नीट केले. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "बरं, थोडीफार चूक माणसाची होतेच."

"म्हणजे दुकानातून करून घेतलं?" बोर्गहिल किटली कवटाळून हसली. "नाहीतर आमचा ऑडमुन बघा! सगळं स्वतःच्या हाताने."

"कुठलं स्वतःच्या हाताने?" युरुन म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता. "दरवर्षी माझ्याकडेच येतो! पण माणूस चोख. आकडा न लाजता सांगतो, एक्क्याऐंशी!"

किटलीचं झाकण बर्फात पडलं. ऑडमुनने तोंडात घातलेली संत्र्याची फोड तशीच राहिली.

"हे घे," बोर्गहिलने किटली त्याच्या हातात दिली. "घरी चल." आवाज इतका मऊ होता की आजूबाजूच्या नवऱ्यांनी ऑडमुनकडे बघायचं टाळलं.

घरी जाताना आस्लॉगबाईंनी प्राध्यापकांचा हात धरला. "अठ्ठावन्न म्हणे," त्या मधेच म्हणाल्या. उन्हाळाभर जो भेटेल त्याला त्या ही गोष्ट सांगत राहिल्या, आणि प्राध्यापकांना वाटलं, शर्यत गेली पण नोकरी वाचली.

पुढच्या ईस्टरला आस्लॉगबाई स्वतःच दुकानात निघाल्या. प्राध्यापकांकडे स्की वाहून नेण्याचं काम आलं.

"वजन?" युरुनने विचारलं.

"एकाहत्तर," आस्लॉगबाई म्हणाल्या. आवाज खाली नाही, इकडेतिकडे बघणं नाही.

प्राध्यापक थक्क झाले. "तू सांगतेस? असं, सरळ?"

"विचारलं की सांगते. तू कधी विचारलंस?"

प्राध्यापकांना पोतं आठवलं, तंगडी आठवली, कंबर आठवली.

"आणि प्रोफेसरांच्याही स्की आणल्यात वाटतं," युरुन म्हणाली. "यांचं किती?"

"ब्याऐंशी," प्राध्यापक म्हणाले.

"अठ्ठ्याण्णव," आस्लॉगबाई म्हणाल्या.

"छे, छे! आस्लॉग, तुला काय माहीत?"

"काट्यावर तू उभा होतास. आकडा मी बघत होते."

युरुनने प्राध्यापकांना त्यांच्या स्कीवर उभं केलं आणि खालून कागद सरकवून पाहिला. कागद जाईना. तिने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, बाजूने फुंकर मारली.

"प्रोफेसर," ती म्हणाली, आणि दुकानाचं दार सताड उघडं होतं, "तुमच्या वजनाला ही स्की टोकापासून टोकापर्यंत बर्फाला टेकते! उतारावर अडकाल नाहीतर काय कराल? चिकट मेण लावायला जागाच उरलेली नाही!"

डोंगरावरचा बर्फ जागच्या जागी राहिला. रांग मात्र हसत सुटली. प्राध्यापक हिमकणांच्या आकाराबद्दल काहीतरी बोलू लागले, तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ऑडमुन होता.

"मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मध्यमच आहात."