बाई बंद, मूग शंभर

उचगावच्या भावकूच्या तोंडाला वास मारतो ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. खुद्द भावकूला मात्र ती चाळिशी उलटल्यावर कळली, आणि तीही लेकीची सोयरीक मोडली तेव्हा. पाहुण्यांना जया पसंत होती, घर पसंत होतं, जेवण तर फारच पसंत होतं. पण मध्यस्थ भरमा नंतर चावडीपुढं सांगत होता, "पोरगी सोन्यासारखी हाय रं. पर बापासंगं बोलायचं म्हंजे दार उघडं ठेवाय लागतंय." भावकू नेमका मागनं येत होता. ऐकून तो आल्या पावली माघारी फिरला.

त्या दिवसापासून त्यानं बाभळीच्या काडीनं हिरड्या सोलवटेपर्यंत दात घासले, लवंगा चघळल्या, मिठाच्या गुळण्या केल्या. कशाकशाचा उपयोग झाला नाही. आणि आता निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलगा फायनल पास, तंबाखूच्या वखारीत कारकून. मुलाचा बाप परशराम जयाला बघून गेला, तेव्हा भावकू मुद्दाम शेताकडं पळाला होता. पण पंधरा दिवसांनी सुपारी फोडायची होती. सुपारीला मुलीचा बाप शेतात कसा राहणार? एवढं चांगलं स्थळ आपल्या तोंडापायी जाणार, या धास्तीनं भावकूला घास गोड लागेना.

शनिवारी बेळगावच्या बाजारात त्याच्या कानावर आलं, की मल्लाप्पा वस्ताद श्वासाचा काही व्यायाम शिकवतो आणि त्यानं एका वकिलाच्या तोंडाचा वास गेला. बाजार तसाच टाकून भावकू तालमीत हजर झाला. मल्लाप्पा बैलहोंगलाकडचा, मराठीचा त्याला गंध नाही. भावकूचं कन्नड बाजारापुरतं: एष्टु म्हणजे किती, बेकु म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको आणि शंभरापर्यंतचे आकडे. दुभाष्या घ्यावा तर गुपित फुटणार. आणि 'मला कन्नड येत नाही' असं म्हणणं भावकूच्या रक्तातच नव्हतं.

त्यानं तोंडाकडं बोट केलं आणि एक भला मोठा 'हाऽ' केला. मल्लाप्पा दोन पावलं मागं सरला. त्याला रोग कळला.

"बायि बंद माडु," मल्लाप्पा ओठांवर बोट ठेवून म्हणाला. मग नाकावर बोट ठेवून, छाती फुगवून, "मूगिनिंद उसिरु तगो. दिना नूरु."

भावकूनं एकेक शब्द मनात घोळवला. बाई बंद. मूग घे, उशीर लाव. दिवसाला शंभर. नूरु म्हणजे शंभर, यात तर शंकाच नव्हती. नाकावर बोट ठेवलं ते वास असह्य झाला म्हणून. भावकू बिचारा शरमला.

"तिळितेनु?" मल्लाप्पानं विचारलं.

तीळही घेतोस का, असं विचारतोय असं वाटून भावकू नम्रपणे म्हणाला, "बेड, बेड. मूगच बेकु."

मल्लाप्पानं पुन्हा नाकाकडं बोट केलं, पण तोवर भावकू तालमीबाहेर पडला होता.

घरी येताच भावकूनं मडक्यातले शंभर मूग मोजले आणि तोंडात टाकले. उशीर लावायचा होता, म्हणून गिळले नाहीत, गालात धरून ठेवले. घटकाभरात मूग फुगायला लागले आणि गालही फुगले. संध्याकाळी त्यानं घोंगडं उचललं आणि गोठ्यात अंथरलं, कारण बाई बंद होती.

"अवं, काय झालं?" मनुबाईनं विचारलं. "माझं काय चुकलं का?"

भावकूनं मान फिरवली. वीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. पण लेकीचं लग्न पुढ्यात होतं, पथ्य म्हणजे पथ्य.

चौथ्या दिवसापर्यंत मनुबाई रडून रडून अर्धी झाली. "स्थळ पसंत न्हाय व्हय तुमास्नी?" तिनं विचारलं. भावकूनं जोरजोरानं मान हलवली. 'पसंत नाही असं नाही' असं त्याला म्हणायचं होतं. तिला वाटलं, पसंत नाही. ती आणखी रडली. शेजारची बाळाबाई सांत्वनाला आली, आणि जाताना गावात सांगून गेली, "भावकूची वाचा गेली गं बाई. नुसता गाल फुगवून बघतोय." सहाव्या दिवशी ही बातमी उसाच्या गाडीत बसून निपाणीला पोचली. वाटेत ती जरा वाढली: उचगावच्या त्या घराण्यात मुकेपणा आहे, उतारवयात उतरतो म्हणे.

आठव्या दिवशी दुपारी, सुपारीला अजून आठवडा असताना, परशराम सर्व्हिस मोटारीतून उतरून थेट दारात उभा.

भावकूच्या तोंडात त्या दिवशीचे शंभर मूग फुगून बसले होते. पळावं तर पाहुण्यानं वाट अडवलेली. मनुबाईनं घाईघाईनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. परशराम बसला, कमरेची डबी काढून तपकिरीची भली मोठी चिमूट नाकात भरली आणि म्हणाला, "भावकूअण्णा, आडून बोलत न्हाय. तुमची वाचा गेल्याचं ऐकलंय. माझ्या घरात उद्या नातवंडं व्हायची हाईत. तुमी एक शबुद बोला, मी सुपारी फोडतो. न्हायतर रामराम."

भावकूनं मनात हिशोब केला. बोललं तर वास. न बोललं तर मुका. दोन्हीकडून जया घरीच.

"अवं, बोला की!" मनुबाई हात जोडून म्हणाली. "माझ्याशी नगा बोलू, जल्मभर नगा बोलू, पर पावण्यास्नी बोला! पोरीच्या जल्माचं वाटुळं हुतंय!"

परशराम उठला. जोडा पायात घालू लागला.

भावकूचा धीर सुटला. त्यानं सगळे मूग एकदम गिळायला घेतले, ठसका लागला, आणि फुगलेल्या मुगांचा मारा परशरामाच्या मिशांवर, फेट्यावर, सदऱ्यावर झाला. त्या पाठोपाठ भावकू त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन जिवाच्या आकांतानं ओरडला, "मी मुका न्हाय वं, पावणं!"

आणि लगेच दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं. संपलं सगळं. बोटांच्या फटीतून त्यानं विचारलं, "वास... लई आला का?"

"कसला वास?" मिशीतला मूग काढत परशराम म्हणाला. "मला काय बी आला न्हाय. पर हे मूग कशापायी?"

वास आला नाही! भावकूच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवसांचं सगळं घडाघडा बाहेर पडलं. मल्लाप्पा, बाई बंद, मूग, उशीर, दिवसाला शंभर. परशराम आधी ऐकत होता, मग घोंगडीवर बसला, मग लोळायलाच लागला.

"अवं, मूगु म्हंजे नाक! उसिरु म्हंजे श्वास, आन बायि म्हंजे तोंड! तोंड मिटून नाकानं श्वास घे, दिसाला शंभर, असं म्हणाला त्यो!"

"मग तीळ?"

"तिळितेनु म्हंजे कळलं का!"

"आन मी नको म्हटलं," भावकू पुटपुटला.

मनुबाईनं पदर डोळ्यांना लावला. हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. "वास येतोय म्हणून वीस वर्सांत मी कधी तोंड फिरवलं व्हय? आन तुमी मला बंद करून जनावरांत निजाय गेलासा!"

"चुकलं गं," भावकू म्हणाला. आठ दिवसांत बायकोशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. तिनं नाक ओढलं आणि सुपारीचं ताट आणायला आत गेली. आठवडाभर कोण थांबतंय!

सुपारी फुटली. आतून जयाच्या बांगड्या वाजल्या. भावकूला वाटलं, आता आपल्याला जगात कसली म्हणून काळजी उरली नाही.

"या व्याही, भेटा!" परशरामनं दोन्ही हात पसरले आणि भावकूला छातीशी गच्च धरलं. "आता तुमचं आमचं एकच घर!"

औषध आता नीट कळलं होतं, तेव्हा शुभस्य शीघ्रम्. भावकूनं तोंड मिटलं आणि नाकानं दीर्घ, अगदी बेंबीपर्यंत श्वास घेतला.

त्याचे डोळे पांढरे झाले. निपाणीच्या वखारीतला जर्दा, परवाचा कांदा आणि आयुष्यात काडी न लागलेले दात, सगळं एकदम आत गेलं. परशरामाला वास का आला नाही, हेही त्या श्वासात कळलं. वीस-पंचवीस वर्षांच्या तपकिरीनं त्याच्या नाकात काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

"काय व्याही? गप्प का?" परशरामनं त्याच्या तोंडावरच विचारलं.

भावकूनं देवळीजवळ येऊन उभ्या राहिलेल्या जयाकडं पाहिलं. पोरगी हसत होती. भावकूच्या गालाच्या कोपऱ्यात दहा-बारा मूग अजून शिल्लक होते.

ते गिळून भावकू गप्प बसला.