नानांची काच आणि जत्रेतला उंट

जामसंड्याचे गुरांचे डॉक्टर नाना आमचे शेजारी. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच: "माका नको इचारू, काचेक इचार." ही काच म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची पट्टी. म्हशीचं रक्त तर सोडाच, घरची सोलकढी बिघडली की नाही हेही नाना थेंबभर काचेवर घेऊन ठरवत. तोवर वाढलेला भात निवून जाई आणि वहिनी तापत.

एका शिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत पोरांना पाठीवर फिरवायला उंट आला. आमच्याकडे उंट कोणी पाहिला होता! त्याच्या तोंडातून फेसाळलेली तांबडी पिशवी लोंबत होती, घशात बुडबुड चालली होती. नाना ओरडले, "घटसर्प! घसो सुजलो!" म्हशींना होणारा हा जंतूंचा रोग त्यांनी जन्मभर पाहिलेला. उंटाला सुरूच्या झाडांत वेगळं बांधलं, कानातलं रक्त काचेवर घेतलं. जंतू एकही नाही. उंटवाला इमाम हात जोडून म्हणाला, "बीमार नै साब, मस्ती में है. ये थैली निकालके मादी को बुलाता है."

सगळी जत्रा हसली. पुढे वर्षभर बाजारात मासळीवाली पारू विचारी, "डाक्टरांनु, माझो बांगडो मस्तीत आसा काय, बगा." नाना हसण्यावारी नेत, पण त्यांना ते फार लागलं होतं.

पुढच्या शिवरात्रीला इमाम स्वतःच त्यांना बोलवायला आला. उंट खात नव्हता, गळा सुजला होता. "साब, काच लगाओ." भोवती गर्दी जमलीच. कोणीतरी ओरडलं, "डाक्टरांनु, नवरोदेव परत इलो!"

नानांनी सूक्ष्मदर्शकाची पेटी उघडली नाही. लांबूनच म्हणाले, "मस्तीत आसा. काच कित्याक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उंट मेला. तेव्हा नानांनी रक्त काचेवर घेतलं. घटसर्पाच्या जंतूंनी काच भरली होती. इमाम रिकामी दोरी धरून वाळूत बसला होता.

"काल सुई दिली असती तर उंट कदाचित वाचलो असतो," नाना मला म्हणाले. "लोक हसतीत म्हणान मी भियालंय रे." ती गर्दी तिथे नसती तर, असं मला अजून वाटतं.

नाना पेन्शनीत गेले तरी सूक्ष्मदर्शकाची पेटी बरोबर असे. एकदा पारूने जुन्या सवयीने बांगड्याचं विचारलं. नाना तिच्या टोपलीशी उकिडवे बसले, पेटी उघडली आणि कल्ल्यातलं रक्त खरोखरच काचेवर घेतलं. पारू कावरीबावरी झाली.

"डाक्टरांनु, मस्करी केलंय ओ."

मान वर न करता नाना म्हणाले, "आसांदे. काचेक इचारूया."